घरी बांधलेल्या विमानाच्या आतल्या भागांना पावडर कोटिंग: आधी धातू ओळखा, मग रंग निवडा

रडर पेडलवर वर्षानुवर्षं बुटांचे तळवे घासतात. कंट्रोल स्टिकला दर उड्डाणात घामेजलेला हात लागतो. उतरताना सीटबेल्टचं बकल फ्रेमवर आपटतं. अशा जागी डब्यातला स्प्रे रंग फार दिवस तग धरत नाही आणि पावडर कोटिंग धरतं. म्हणून होमबिल्ट विमान बांधायला घेतलेला माणूस कधी ना कधी विचारतोच, "आतले सगळे धातूचे भाग एकदाच कोट करून आणू का?"

सगळे आणू नका. पावडर कोटिंगमध्ये कोरडी रंगाची पूड फवारलेला तुमचा भाग ओव्हनमध्ये साधारण २०० अंश सेल्सिअसला १० ते २० मिनिटं भाजला जातो आणि वर ६० ते ८० मायक्रॉनचा थर बसतो. फाटकाला किंवा सायकलच्या फ्रेमला याने काही होत नाही. विमानाच्या भागाबाबत मात्र दोन प्रश्न आधी विचारायचे: या धातूला २०० अंश सोसतील का? आणि एवढ्या थराने याची फिटिंग बिघडेल का? उत्तर मिळेपर्यंत रंगाचं कार्ड उघडू नका.

मी नोकरीची सुरुवातीची वर्षं भोसरीच्या एमआयडीसीत पावडर कोटिंगच्या शॉपमध्ये काढली. आता अमेरिकेत गॅरेजमध्ये दोन आसनी विमान बांधतोय. भारतातून या छंदाबद्दल विचारणारे बहुतेक जण कॅप्टन अमोल यादव यांचं नाव घेतात. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर त्यांनी बांधलेलं सहा आसनी विमान २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात मुंबईकरांनी पाहिलं. इथे अमेरिकेत 'एक्सपेरिमेंटल ॲमॅच्युअर-बिल्ट' या प्रवर्गात बांधणीचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असावं लागतं. रंगकाम त्या हिशोबात धरत नाहीत, त्यामुळे कोटिंग बाहेरून करून घ्यायला हरकत नाही. खाली लिहिलंय ते मुख्यतः बाहेरच्या शॉपला काम देणाऱ्यासाठी आहे. घरी करणाऱ्यालाही यातलं बहुतेक लागू पडेल.

पहिलं काम: तीन ढीग

एका टेबलावर आतले सगळे भाग मांडा आणि किटचे, म्हणजे विमान बांधायला विकत घेतलेल्या सुट्या भागांच्या संचाचे, ड्रॉइंग शेजारी ठेवा. ड्रॉइंगवर प्रत्येक भागाचा धातू लिहिलेला असतो. लोहचुंबकाने स्टील वेगळं काढता येतं, पण ॲल्युमिनियमच्या जाती नुसत्या डोळ्यांनी कुणालाच ओळखता येत नाहीत. मलाही येत नाहीत.

पहिला ढीग ४१३० स्टीलचा, ज्याला इथे सगळे क्रोमोली म्हणतात. रडर पेडल, कंट्रोल स्टिक, फ्लॅपचा टॉर्क ट्यूब, सीटची वेल्ड केलेली फ्रेम, रोल बार यांत तेच असतं. नॉर्मलाइज केलेल्या, म्हणजे तापवून हवेत थंड केलेल्या, ४१३० ला २०० अंशांनी काही फरक पडत नाही. हा ढीग पावडर कोटिंगसाठीच आहे असं समजा. अनेक किट उत्पादक हे भाग कोट करूनच पाठवतात. माझे उघड्या स्टीलचे, तेल लावलेले आले होते.

दुसरा ढीग ६०६१-टी६ ॲल्युमिनियमचा. यातला आकडा मिश्रधातूची जात सांगतो आणि 'टी'चा भाग टेंपर, म्हणजे त्याला उष्णतेने आणलेली ताकद. झेनिथ आणि सोनेक्स या विमानांत जवळजवळ सगळीकडे हेच असतं. इतर विमानांतही अँगल, ब्रॅकेट, स्पेसर याचे असतात. ६०६१ ला टी६ ची ताकद येते ती साधारण १७५ अंशांना आठ तास ठेवून. म्हणजे २०० अंशांची पंधरा-वीस मिनिटं त्याला एकदा सोसतात, ताकद थोडीशीच घटते. पण उष्णतेचा हिशोब साठत जातो. पहिला कोट बिघडला म्हणून पुन्हा भाजला, रंग आवडला नाही म्हणून तिसऱ्यांदा भाजला, असं चालणार नाही. माझा नियम असा: ज्यावर भार येत नाही असे ६०६१ चे भाग, म्हणजे स्विचचं ब्रॅकेट, हेडसेटचा हुक, कव्हर, एवढेच ओव्हनमध्ये जातील आणि एकदाच जातील. भार घेणारा भाग असेल तर किट उत्पादकाला लेखी विचारा आणि उत्तर बिल्डर लॉगमध्ये, म्हणजे बांधणीच्या नोंदवहीत, लावून ठेवा.

तिसरा ढीग २०२४-टी३ आणि ७०७५-टी६ या ॲल्युमिनियमच्या जातींचा. हा ओव्हनपासून लांब ठेवा. आरव्ही या लोकप्रिय किट विमानांचे पत्रे मुख्यतः २०२४-टी३ चे असतात, त्यामुळे हे नीट समजून घ्यायला हवं.

२०२४ मध्ये साडेचार टक्क्यांच्या आसपास तांबं असतं. कारखान्यात हा मिश्रधातू ४९५ अंशांच्या आसपास तापवून पाण्यात विझवतात, मग तो साध्या खोलीच्या तापमानाला मुरतो. मुरांब्यासारखंच, घाई न करता. तांबं धातूत सगळीकडे सारखं विरघळलेलं राहतं आणि गंजाला तोंड देण्याची त्याची क्षमता त्यावरच उभी असते. हाच पत्रा १९० ते २०० अंशांना थोडा वेळ ठेवला की तांबं बाहेर पडून धातूच्या कणांच्या सीमांवर गोळा होऊ लागतं. सीमेलगतची पट्टी तांब्याविना उरते आणि पुढे ओल मिळाली की तीच पट्टी आधी कुरतडली जाते. याला कणसीमेचा गंज म्हणा. तो वरून दिसत नाही, आतून सुटत जातो, आणि वर सुंदर पावडरचा थर असेल तर कळायला आणखी उशीर होतो. बारा तास १९० अंशांना ठेवलं तर २०२४ हा भोवरा ओलांडून टी८१ या वेगळ्या, स्थिर अवस्थेत जातो. पावडरची वीस मिनिटं त्याला बरोबर मधे, सगळ्यात वाईट जागी आणून सोडतात.

७०७५-टी६ चं गणित आणखी सोपं आहे. त्याची ताकद १२० अंशांना चोवीस तास ठेवून आणलेली असते. २०० अंशांना ती झपाट्याने उतरते आणि परत येत नाही.

१६० अंशांच्या आसपास पिकणाऱ्या पावडरी मिळतात. त्या ६०६१ साठी चांगल्या. त्यांच्या भरवशावर २०२४ चा स्ट्रक्चरल भाग भाजू नका. तिसऱ्या ढिगाला दोन भागांचं एपॉक्सी प्रायमर आणि वर पॉलीयुरेथेन रंग द्या. नीट केलेलं ते कामही वर्षानुवर्षं टिकतं.

कोटिंगआधी सगळं जुळवून घ्या

ड्रिल, रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार), वेल्डिंग, वाकवणं, जे काही करायचं ते आधी. पूर्ण जोडणी एकदा कोऱ्या धातूवर करून बघा, पेडल दोन्ही टोकांपर्यंत हलवा, स्टिक चारी दिशांना फिरवा, मग सगळं खोला. कोट झाल्यावर एक भोक जरी पाडलं तरी कडेने थर तडकतो आणि ओल तिथून आत शिरते.

कडांची धार बोथट करा. धारेवर पावडर थांबत नाही. वितळताना ती मागे सरकते आणि कडेला थर पातळ राहतो. अर्धा ते एक मिलिमीटर गोलाई दिली की पुरते. बर, म्हणजे कापताना कडेला उरलेली धातूची कुसं, तर काढायलाच हवी.

दाबून बसवलेले बेअरिंग, नायलॉनचे बुश, रॉड-एंड, नायलॉनवाले लॉकनट, रबर ग्रोमेट, सगळं उतरवा. नायलॉन इन्सर्टच्या नटाची मर्यादाच १२० अंशांची असते. नटप्लेट, म्हणजे पत्र्याला कायमचे बसवायचे नट, कोटिंगनंतर रिव्हेट करा.

वेल्ड केलेल्या नळ्यांची एक खास गोष्ट आहे. गंज लागू नये म्हणून काही जण नळीच्या आत जवसाचं तेल फिरवतात. ते कोटिंगनंतर करा. आधी केलं तर ओव्हनमध्ये तेल वेल्डच्या सुईएवढ्या भोकांतून पाझरतं आणि तिथे पावडर कधीच धरत नाही. नळी पूर्ण बंद असेल तर आतली हवा २० अंशांवरून २०० ला जाताना तिचा दाब दीडपटीहून वर जातो, आणि वेल्डमध्ये बारीकसं छिद्र जरी असलं तरी नेमका तिथे फुगा येतो. फुगा आला तर शॉपला दोष देण्याआधी वेल्ड तपासा.

मास्किंग: इथे वेळ घालवा

नवखा माणूस रंग निवडायला दोन आठवडे घेतो आणि मास्किंग, म्हणजे पावडर नको त्या जागा झाकणं, शॉपवर सोपवतो. उलट करा. शॉपमधला मुलगा कामात कितीही हुशार असला तरी कुठल्या भोकात बुश फिरणार आणि कुठल्यात नुसता बोल्ट जाणार हे त्याला माहीत नसतं.

गणित साधं आहे. भोकाच्या भिंतीवर ७० मायक्रॉन बसले तर व्यास १४० मायक्रॉनने, म्हणजे ०.१४ मिलिमीटरने घटतो. पाव इंची एएन४ या विमानाच्या प्रमाणित बोल्टसाठी रीमरने काढलेल्या भोकात मग बोल्ट शिरत नाही. लोक त्यात ड्रिल घालतात, थर कडेला उचकटतो आणि धातूही खरवडला जातो. माझ्या रडर पेडलच्या पहिल्या जोडीत हेच झालं. मी कागदावर "भोकं मास्क करा" एवढंच लिहिलं होतं, मोठी भोकं मास्क झाली आणि पिव्हटची बारीक भोकं राहिली. दोन संध्याकाळी हाताने साफ करण्यात गेल्या. त्यानंतर मी प्रत्येक भागाचा फोटो काढून छापतो आणि मास्क करायच्या जागा लाल पेनने भरतो.

लाल पेन कुठे फिरवायचा? बुश आणि बेअरिंग बसतात तिथे, सगळ्या आट्यांवर, बोल्टच्या भोकांत. दोन भाग एकमेकांवर घट्ट दाबून बसतात त्या तोंडांवर. वॉशर टेकतो तेवढ्या गोलावर. आणि विजेचं अर्थिंग जोडायचं असेल त्या जागी.

वॉशरखालची जागा का, हे पुष्कळांना पटत नाही. पावडर प्लॅस्टिकच असते. बोल्टच्या दाबाखाली ती हळूहळू दबते आणि त्या प्रमाणात बोल्टचा ताण सैल होतो. एएन३ या त्याहून बारीक बोल्टला २० ते २५ इंच-पाउंड आणि एएन४ ला ५० ते ७० इंच-पाउंड टॉर्क देता तो धातूवर धातू धरून मोजलेला असतो. मधे दोन्ही बाजूंनी ७० मायक्रॉनची गादी असेल तर आज दिलेला टॉर्क सहा महिन्यांनी तेवढाच राहील याची खात्री नाही. कंट्रोल सिस्टिममध्ये अशी शंका ठेवायची नसते.

भोकांसाठी सिलिकॉनचे निमुळते प्लग आणि सपाट जागांसाठी हिरवी पॉलिएस्टर टेप वापरा. रंगकामाची पिवळी कागदी टेप ओव्हनमध्ये करपते आणि चिकट राळ मागे ठेवते. टेप भाग कोमट असतानाच काढा, कड स्वच्छ सुटते. ॲल्युमिनियमवर टेप ब्लेडने कापू नका. ब्लेडचा एक ओरखडा पुढे भेगेची सुरुवात होऊ शकतो.

साफसफाई, आणि ॲसिडच्या टाक्या

पुणे-पिंपरीकडच्या शॉपमध्ये 'सेव्हन टँक' म्हटलं की सगळ्यांना कळतं: डीग्रीझिंग, मग ॲसिडने गंज काढणं, मग फॉस्फेटिंग, मधेमधे पाण्याने धुणं. पत्र्याच्या कपाटांना ही उत्तम पद्धत आहे. वेल्ड केलेल्या नळीच्या सांगाड्याला ती नको. ॲसिड सांध्यातून, छोट्या भोकातून नळीत शिरतं आणि धुताना बाहेर येत नाही; वर्षभराने आतून गंज सुरू. खूप कडक केलेल्या स्टीलमध्ये ॲसिडमुळे हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होण्याचाही धोका असतो. स्प्रिंग आणि तसे कडक भाग या टाक्यांत कधीच बुडवू नका.

नळीच्या भागांसाठी ब्लास्टिंग सांगा. स्टीलला ८० ते १२० ग्रिटचं ॲल्युमिनियम ऑक्साइड चांगलं. उघडी टोकं आणि बेअरिंगची घरं आधी बंद करा. ॲल्युमिनियमच्या भागांसाठी स्टीलच्या कामाला वापरलेली वाळू चालणार नाही, कारण लोखंडाचे कण मऊ धातूत रुततात आणि तिथून गंज धरतो. पातळ पत्रा ब्लास्टिंगने वाकतो. त्याला मरून रंगाच्या स्कॉच-ब्राइट घासणीने घासून सॉल्व्हंटने पुसलं तरी पुरतं. ब्लास्ट झालेल्या स्टीलला उघड्या हाताने शिवू नका आणि त्याच दिवशी कोट करा. कोकणातल्या जुलैत तर काही तासही खूप झाले, पृष्ठभाग तांबूस होतो.

शॉपला आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगा: कोट बिघडला तर भाग बर्न-ऑफ ओव्हनमध्ये टाकायचा नाही, मला फोन करायचा. जुना थर जाळून काढणाऱ्या त्या ओव्हनची उष्णता ॲल्युमिनियमचा टेंपर संपवते, आणि वरून भाग जसाच्या तसा दिसतो.

पावडर कुठली

निव्वळ एपॉक्सी पावडर चिकटते छान, पण उन्हात तिच्यावर खडूसारखी भुकटी येते. कॉकपिटमध्ये कॅनोपीतून, म्हणजे वरच्या पारदर्शक छतातून, दिवसभर ऊन पडतं, म्हणून पॉलिएस्टर घ्या. सीटखाली, जमिनीखाली जाणाऱ्या भागांना एपॉक्सी-पॉलिएस्टर हायब्रिड चालेल.

पॅनेलच्या आजूबाजूला चकचकीत काही नको; विंडस्क्रीनमध्ये त्याचं प्रतिबिंब पडतं आणि नेमकं उतरताना डोळ्यांत येतं. तिथे मॅट काळा किंवा गडद राखाडी. हात-पाय लागतात तिथे बारीक टेक्स्चर, ओरखडे दिसत नाहीत. पेडल आणि स्टिकसारख्या वेल्ड केलेल्या भागांना मात्र मी फिका राखाडी, गुळगुळीत रंग देतो आणि तुम्हीही द्यावा असा माझा आग्रह आहे. पावडरचा थर लवचीक असतो, खालच्या स्टीलला केसाएवढी भेग गेली तरी तो वरून ताणून राहू शकतो. फिक्या रंगावर वेल्डच्या कडेला गंजाची बारीक तांबूस रेघ लगेच दिसते. काळ्या टेक्स्चरवर ती शोधावी लागते. दर बारा महिन्यांच्या तपासणीत पाठीवर पडून, टॉर्च धरून, पेडलच्या मुळाशी बघायचंय ते तुम्हालाच.

वजनाची काळजी कमी करा. ७५ मायक्रॉन थर म्हणजे चौरस मीटरला साधारण ११० ग्रॅम. आतल्या स्टीलच्या सगळ्या भागांचं क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर धरलं तर पन्नास-साठ ग्रॅम.

मारणं आणि भाजणं

घरी करणाऱ्यांसाठी थोडंसं. हुक धातूला धातू लागेल असा अडकवा, जुन्या पावडरने माखलेल्या हुकमधून अर्थिंग मिळत नाही. गसेटच्या, म्हणजे सांध्याला मजबुती देणाऱ्या पत्र्याच्या, आतल्या कोपऱ्यांत पावडर जायला तयार नसते. विद्युतक्षेत्र कडांवरच अडतं. अशा वेळी व्होल्टेज वाढवायचा मोह होतो. उलट ते कमी करा, हवाही कमी करा आणि कोपऱ्यांत सगळ्यात आधी पावडर मारा. हवेत तरंगणारी पावडर ठिणगीने स्फोटासारखी पेटू शकते, म्हणून ज्योत, हीटर, बिडी-सिगारेट काहीही जवळ नको, आणि तोंडावर चांगला मास्क. त्या ओव्हनमध्ये पुन्हा कधी खाण्याचं काही भाजायचं नाही.

वेळ मोजायची ती धातू तापल्यापासून. पातळ ब्रॅकेट पाच मिनिटांत २०० ला पोचेल, जाड पेडलला वीस लागतील. दोन्ही एकत्र लावले की एक करपतो नाही तर दुसरा कच्चा राहतो, म्हणून घाणे वेगळे करा. भागालाच थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, बांधा. लेझरवाला थर्मामीटर चमकत्या धातूवर चुकीचा आकडा दाखवतो.

प्रत्येक घाण्यात त्याच धातूची एक पट्टी टांगा, शॉपलाही हेच सांगा. कापसाला एमईके हे तीव्र सॉल्व्हंट लावून त्या पट्टीवर पन्नास वेळा मागेपुढे घासा. रंग उतरला किंवा पृष्ठभाग मऊ झाला तर कोट कच्चा आहे. चमक जरा मंद झाली तर चालतं. पट्टी वाकवून बघा, थर पापुद्र्यासारखा सुटता कामा नये. ही पट्टी जपून ठेवा. पुढे टचअपचा रंग जुळवायला हीच कामी येते.

परत जोडताना

प्रत्येक बुश हाताने फिरवून बघा. अडकला तर भोकाच्या मापाचाच रीमर हाताने चालवा, ड्रिल मशीन नको. अर्थिंगच्या जागी धातू चमकतोय ना बघा, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) लावा आणि मल्टिमीटरने तपासा. रेडिओत गुरगुर येण्याचं कारण पुष्कळदा असा एखादा रंगलेला लग असतो. मास्क केलेल्या उघड्या स्टीलवर जोडण्यापूर्वी एपॉक्सी प्रायमरचा पातळ हात किंवा ग्रीस द्या.

टॉर्क द्या, टॉर्क सीलची, म्हणजे बोल्ट फिरला तर कळावं म्हणून लावायच्या रंगाची, रेघ ओढा. माझ्या पेडलचे बोल्ट मी जोडणीनंतर महिन्याने एकदा तपासले आणि इंजिन पहिल्यांदा चालवण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासणार आहे. कुठला भाग, कुठली पावडर, किती तापमान, किती मिनिटं, कितव्यांदा भाजला, हे सगळं बिल्डर लॉगमध्ये फोटोसकट लिहा. पाच वर्षांनी एखाद्या ६०६१ च्या ब्रॅकेटचा रंग उडाला आणि पुन्हा कोट करावासा वाटला, तर तो आधीच एकदा ओव्हन पाहून आलाय हे त्या पानावरूनच कळेल.